मधल्या दिवसांचा मुखत्यार

काकांचं मृत्युपत्र चोख होतं. दोन साक्षीदार, त्यातला एक डॉक्टर, पानापानावर सही, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत नोंदणी. कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभी नोकरी काढलेला माणूस. नटबोल्टची आवक-जावक लिहून ठेवायची सवय, तो घरादाराची नोंद कशी चुकवेल? फ्लॅट काकूंना, काकूंनंतर मुलाला, खानदेशातल्या शेतीचा हिस्सा पुतण्याला. कपाटातल्या फाइलवर लाल शाईने लिहिलं होतं, 'माझ्या पश्चात'. अडचण एवढीच झाली की काका गेले नाहीत. सकाळी आंघोळीला उठले आणि न्हाणीघराच्या दारात कोसळले. मेंदूत रक्तस्राव. महिन्याभराने दवाखान्यातून घरी आले ते नाकात नळी, डोळे उघडे आणि ओळख कुणाचीच नाही, अशा अवस्थेत. पुढे चौदा महिने ते तसेच होते.

त्या चौदा महिन्यांसाठी फाइलमध्ये एकही कागद नव्हता.

बाजव्यात अशी घरं पुष्कळ आहेत. बडोद्याहून अहमदाबादकडे निघालं की लागणारं हे लहानसं स्टेशन; अवतीभोवती कारखाने. जीएसएफसी ही खतांची कंपनी १९६२ची, कोयलीची रिफायनरी १९६५ची. बडोद्यात मराठी माणूस गायकवाडांच्या फौजेबरोबर आला, बाजव्यात तो शिफ्टच्या भोंग्याबरोबर आला. तेव्हा विशी-पंचविशीत कामाला लागलेले आता ऐंशी ओलांडताहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, टोरांटोला. घरात दोन माणसं, एक गोदरेजचं कपाट, आणि कोणता कागद कुठे आहे हे दोघांपैकी एकालाच ठाऊक. तो एक बहुतेक वेळा नवराच असतो.

काकूंबरोबर बँकेत मीही गेलो होतो. मुदतठेव काकांच्या एकट्याच्या नावावर. घरी नर्स ठेवलेली, ऑक्सिजनचं यंत्र भाड्याने आणलेलं, त्यामुळे ठेव मोडायची होती. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. त्याने पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "काकानी सही तो जोईशे ने, बेन." काकूंनी सांगितलं की ते सही करू शकत नाहीत, पण नॉमिनी मीच आहे. मुलगा क्षणभर गप्प राहिला. नॉमिनीचा हक्क कधी सुरू होतो हे त्या बाईला तोंडावर सांगणं त्याच्या जिवावर आलं होतं.

नॉमिनी या शब्दाने आपल्याकडे जेवढी फसवी निश्चिंती दिली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या शब्दाने क्वचितच दिली असेल. ज्यांच्या कॅलेंडरवर मराठी घरांनी वर्षानुवर्षं एकादश्या पाहिल्या, त्या जयंत साळगावकरांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकीवरून वाद झाला. नॉमिनी म्हणून नाव लागलेला माणूस मालक होतो की वारसांसाठी ती रक्कम फक्त स्वीकारतो, हा प्रश्न उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ला निकाल लागला: नॉमिनी हा मालक नव्हे. म्हणजे माणूस गेल्यावरही ज्याचा हक्क हंगामी, त्याला माणूस जिवंत असताना कोण विचारणार? १ नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या खात्याला एकाऐवजी चार नॉमिनी लावता येतात. चारही जण मरणाच्या दारातच उभे राहणार. अलीकडच्या खोलीत त्यांना मज्जाव आहे.

मग मुखत्यारपत्र? इथेच बहुतेक शहाणी माणसं अडखळतात. काकांच्या पुतण्याकडे त्यांचं मुखत्यारपत्र होतं. शेतीच्या कामासाठी कधीतरी करून दिलेलं, नोटरीचा शिक्का असलेलं. आम्ही सगळे खूश झालो. वकिलाने ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. १८७२च्या करार कायद्याचं २०१वं कलम सांगतं की नेमणारा मेला किंवा त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही, की नेमणूक संपते. माणूस धडधाकट असताना, स्वतः जाऊन सही करू शकत असताना हा कागद चालतो. ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते त्याच दिवशी तो रद्द होतो. पावसाळा लागला की दुकानदाराने परत मागून न्यावी अशी ही छत्री.

यातली खोच अजून पुढे आहे. त्याच कायद्याचं २०८वं कलम म्हणतं की नेमणूक संपल्याचं ज्याला माहीत नाही, त्याच्यापुरती ती संपत नाही. बँकेला कळलं नाही तोवर बँक सुरक्षित. पण पुतण्याला तर माहीत आहे! त्याने स्वतःच्या हातांनी काकांना रुग्णवाहिकेत ठेवलं. तो त्या कागदावर सही करेल तेव्हा आपला अधिकार संपला आहे हे पक्कं जाणून करेल. घराघरांत आज हेच चाललं आहे. वडिलांना दिवस-रात्र कळत नाही आणि मुलगा पाच वर्षांपूर्वीच्या मुखत्यारपत्रावर व्यवहार रेटतो आहे; कुणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. २०९वं कलम एवढीच सवलत देतं की सोपवलेल्या गोष्टींची राखण करायला लागतील ती वाजवी पावलं मुखत्याराने उचलावीत, किंबहुना ते त्याचं कर्तव्यच आहे. राखण करा, पण उपचारासाठी ठेव मोडणं ही राखण की विल्हेवाट, हे काउंटरवर कोण ठरवणार?

कायद्याने दार बंद केलं की माणसं खिडकी शोधतात. काकांचा फोन अंगठ्याने उघडायचा. एका संध्याकाळी पुतण्याने त्यांचा उजवा हात चादरीतून बाहेर काढला, ओल्या रुमालाने अंगठा पुसला आणि फोनवर टेकवला. औषधवाल्याचं बिल भरलं गेलं. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. दोन महिने असं चाललं. मग एके दिवशी बॅटरी संपून फोन बंद पडला, परत सुरू केल्यावर त्याने पिन मागितला, आणि पिन काकांच्या डोक्यात होता. याला चोरी म्हणायचं की सेवा? मी त्या खोलीत होतो आणि मी काही बोललो नाही, एवढंच सांगतो.

अंगठ्याची एक कायदेशीर वाटही आहे, तीही सांगायला हवी. आजारी, अपंग खातेदाराला सही जमत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा बँकेने दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, मान्य करावा अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. चांगली सूचना आहे. पण तिच्यात गृहीत धरलेला माणूस अंथरुणात जागा आहे, पैसे कुणी काढावेत हे तो सांगू शकतो. सेबीने जानेवारी २०२५च्या परिपत्रकात असंच केलं. गुंतवणूकदार शरीराने अक्षम झाला तर त्याने निवडलेल्या एका नॉमिनीला खातं चालवता येईल, मात्र करार करण्याची त्याची मानसिक क्षमता शाबूत हवी. प्रत्येक सोय येऊन मनाच्या उंबऱ्याशी थांबते. साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही सगळी माणसं त्या उंबऱ्यापलीकडची.

पूर्वी निदान जिल्ह्याच्या गावी दाद मागता येत होती. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाने चौकशी करून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७च्या नव्या कायद्याने रुग्णाच्या हक्कांबद्दल फार मोलाचं काम केलं. उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा, आपला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला. पण जुना कायदा मोडीत काढताना मालमत्तेचं ते प्रकरणही गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. नॅशनल ट्रस्टचा १९९९चा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरता. कोमातल्या माणसाच्या बायकोला उरतं उच्च न्यायालय. घटनेच्या २२६व्या कलमाखाली अर्ज करायचा आणि न्यायालयाने पालकाच्या भूमिकेतून तिला पालक नेमायचं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली यासाठी पद्धतशीर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, अलाहाबादने २०२०मध्ये तोच रस्ता धरला, मुंबई उच्च न्यायालयानेही अशा नेमणुका केल्या आहेत. न्यायमूर्ती बहुधा सहृदयतेने वागतात, यात शंका नाही. पण नवऱ्याचा लंगोट बदलणाऱ्या बहात्तर वर्षांच्या बाईने वकील गाठावा, वैद्यकीय मंडळाचे अहवाल जमवावेत, अहमदाबादला खेटे घालावेत, आणि हे सगळं स्वतःच्या संसाराच्या पैशांना हात लावायची परवानगी मागायला? काकू गेल्या नाहीत. "आज-उद्याचं आहे सगळं," म्हणत त्यांनी पाटल्या मोडल्या आणि भावाकडून उसने घेतले.

याच्यावरचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो पोकळ नाही. बुद्धी गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र म्हणजे लुबाडणाऱ्याच्या हाती दिलेला कोरा चेक, असं वकील म्हणतात. धन्याला जाब विचारता येत नाही, मग मुखत्याराला आवरणार कोण? कुलमुखत्यारपत्रावर जमिनी विकण्याचा जो बाजार आपल्याकडे मांडला गेला होता त्याला सर्वोच्च न्यायालयाला २०११ साली लगाम घालावा लागला. भीती खरी आहे. पण कागद नसला म्हणजे लुबाडणूक होत नाही, ही समजूत मात्र भाबडी आहे, आणि ती भाबडी आहे हे बडोद्याच्या माणसाला तरी दुसऱ्याने सांगायला नको.

१८०० साली गोविंदराव गायकवाड वारले आणि आनंदराव गादीवर आले. इंग्रजांचे कागद त्यांना दुर्बल बुद्धीचे म्हणतात. गादी भरलेली होती, पण सहीमागचा माणूस नव्हता. आधी भाऊ कान्होजीने कारभार बळकावला. त्याला हटवून दिवाण रावजी आप्पाजी पुढे आले. कडीच्या मल्हाररावांनी बंड केलं, आणि शहरात अरब शिबंदी पगार थकल्याने अडून बसलेली. तिची भीती उगाच नव्हती. बडोद्यात करारमदार पाळले जातील याची हमी हे अरब सरदार देत, तिला बहांदरी म्हणत. रावजींनी मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली. १८०२मध्ये मेजर वॉकर आला, अरबांना घालवलं, त्यांची बहांदरी कंपनीने उचलली, आणि त्याच सुमारास दिवाणगिरी रावजींच्या घराण्यात राहील याचीही हमी कंपनीने देऊन टाकली. पुढे दुसरे भाऊ फत्तेसिंगराव प्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागले, पण मसलतीत कंपनीचा रेसिडेंट होताच. १८१९ला आनंदराव वारले. एकोणीस वर्षं हुकूम त्यांच्या नावाने निघत होते. ते खरोखर किती दुर्बल होते हे मला सांगता येणार नाही, कारण ते ठरवणारेच त्यांच्या दुर्बलतेवर पोसले जात होते.

मोकळी जागा मोकळी राहत नाही. खाटेच्या सर्वांत जवळ जो उभा असेल तो तिथे बसतो. कधी ती बायको असते, कधी पुतण्या, कधी रात्रपाळीची नर्स, कधी सोसायटीचा सेक्रेटरी. आपण नेमलेला माणूस लुबाडेल म्हणून कुणालाच नेमायचं नाही, याचा अर्थ लुबाडणाऱ्याची निवड योगायोगावर सोडायची. आनंदरावांच्या गोष्टीतून मला दुसरंही एक दिसतं: जो अक्षमतेचा दाखला देतो आणि जो त्या दाखल्याने अधिकार मिळवतो, ते एकाच पंगतीला बसलेले नसावेत. कायदा करायचा तर त्याचा कणा हा.

बुद्धी गेली की नेमणूक संपते, हा १८७२चा विचार इंग्लंडने आपल्याला दिला आणि स्वतः मात्र सोडून दिला. तिथे २००५चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट आहे. माणूस शहाणासुरता असताना एक मुखत्यारपत्र करतो, ते सरकारी कार्यालयात नोंदवलं जातं, आणि त्याची बुद्धी गेल्यावरही ते चालू राहतं. पैशासाठी वेगळं, औषधोपचारासाठी वेगळं. मुखत्याराबद्दल तक्रार आली तर चौकशी करणारं खातं आहे. सिंगापूरने २०१०पासून असाच कायदा लागू केला. म्हणजे लंडनमध्ये नोकरी करणारा मराठी मुलगा स्वतःसाठी हा कागद वयाच्या चाळिशीत करून ठेवतो, आणि बाजव्यातल्या बापासाठी त्याच्या हातात काही नसतं. आपल्याकडे असा कायदा आला तर त्यात काय हवं हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही: एकाऐवजी दोन मुखत्यार, दोघांच्या सह्या, सरकारी रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांचा दाखला मिळाल्यावरच अधिकार सुरू, वर्षाचा हिशेब जिल्हा न्यायालयात, राहतं घर विकायचं तर आधी परवानगी. नियंत्रणं घालता येतात. नेमणूकच नसेल तर नियंत्रण कुणावर घालणार?

मराठी मध्यमवर्गाची आणखी एक गंमत आहे. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं, तेव्हापासून आपण एक धडा पाठ केला: हयातीत मुलांच्या नावावर काही करायचं नाही. धडा चुकीचा नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात २३वं कलम घालावं लागलं, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर मुलांनी सांभाळलं नाही तर परत घेता यावं म्हणून. जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा उदार अर्थ लावला. पण आपण धड्याचा अर्धाच भाग शिकलो. मालकी देणं आणि कारभार सोपवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी मुठीत धरताना आपण कारभाराची किल्लीही मुठीतच धरली, आणि मूठ आखडली की ती उघडता येत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर हाताशी जे आहे ते फार नाही, पण शून्यही नाही. खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्यावीत; 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिला जिवंत असेतो दुसऱ्याला काही करता येत नाही, आणि असे फॉर्म डोळे झाकून भरलेले मी पुष्कळ पाहिलेत. मुदतठेव संयुक्त असली तरी मुदतीआधी मोडताना दोघांच्या सह्या मागितल्या जाऊ शकतात, म्हणून दोघांनीही स्वतःच्या नावावर वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम वेगळी ठेवावी. घर मोठं, मिळकत मोठी असेल तर १८८२च्या कायद्याखाली खासगी ट्रस्ट करता येतो. विश्वस्ताचा अधिकार मिळकत सोपवणाऱ्याची बुद्धी गेली म्हणून संपत नाही. पण स्टॅम्प ड्यूटी आणि सल्लागाराची फी पाहिली की आमच्या सोसायटीतला माणूस त्या वाटेला जात नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही.

शरीराच्या बाबतीत मात्र आपला कायदा पैशाच्या बराच पुढे गेला आहे, आणि त्यामागे मुंबईच्या केईएममधली एक परिचारिका आहे. अरुणा शानबागवर १९७३च्या नोव्हेंबरात हल्ला झाला आणि त्यानंतर ती एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात पडून होती. १८ मे २०१५ला गेली. तिच्या प्रकरणात २०११ला आलेल्या निकालाने चर्चेला तोंड फुटलं, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ला त्याची किचकट पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं त्यात देता येतात. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी न्यायालयात पाठपुरावा केला म्हणून महाराष्ट्रात ही पत्रं जपून ठेवणारे अधिकारी नेमले गेले. गोव्यात २०२४मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून दाखवलं. थोडक्यात, माझं श्वासाचं यंत्र कधी काढावं याबद्दल माझ्या वतीने कोण बोलेल ते मला आज ठरवता येतं. त्या यंत्राचं भाडं माझ्या खात्यातून कुणी द्यावं हे मात्र ठरवता येत नाही.

आम्ही नवरा-बायकोने आमची पत्रं केली. नोटरीकडे जाण्याआधी दोन रात्री वाद झाला. मी मुलाचं नाव म्हणालो, ती म्हणाली, "तो रडत बसेल, ठरवणार काही नाही. मुलीचं घाल." घातलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आमच्या मुलांबद्दल इतकं खरं आम्ही आधी कधी बोललो नव्हतो. आपल्याकडे हा विषय काढला की वडीलधारे म्हणतात, अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. वास्तूला आम्ही त्या दिवशी बऱ्याच गोष्टी ऐकवल्या.

काका गेल्या श्रावणात गेले. मृत्युपत्रावर कुणी हरकत घेतली नाही. काकूंनी दाखला आणि पावती घेऊन बँकेत अर्ज दिला. ज्या ठेवीसाठी त्यांनी चौदा महिने हेलपाटे घातले, ती दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या खात्यात जमा झाली.